आई गोळी मागत नाहीत, म्हणजे त्यांचं दुखत नाही का?

प्रश्न: आम्ही गिरगावात चाळीत राहतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, वजन जेमतेम ४३ किलो. मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून गोळा बदलला, त्याला नऊ दिवस झाले. घरी आणून चार दिवस झालेत. त्यांना साखर आहे, बीपी आहे. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० आणि ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिली आहे, पण दोन्हींपुढे ‘एसओएस’ लिहिलंय. आई कधीच मागत नाहीत. विचारलं की म्हणतात, “काही नाही गं, ठीक आहे.” म्हणून पॅरासिटामॉल दोनदाच दिली आणि ती दुसरी गोळी एका रात्री दिली. पण फिजिओथेरपिस्ट आली की त्या उठायलाच तयार नसतात, पाय धरून बसतात. परवा शेजारच्या काकांनी त्यांच्याकडची डायक्लोफिनॅकची गोळी दिली, तेव्हा मात्र आई गॅलरीपर्यंत चालल्या. गेल्या दोन रात्री त्या मध्येच उठून गेलेल्या बहिणीला हाका मारतात, गोठ्यातली गाय सोडली का विचारतात. सकाळी पुन्हा बऱ्या असतात. मिस्टर म्हणतात, वय झालंय, आणि पेनकिलरने किडनी जाते, सवय लागते, तेव्हा द्यायलाच नकोत. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या दिवशी त्या इतक्या छान बोलत होत्या, मग आता का दुखावं? काय करू?
– एक सून, गिरगाव

उत्तर:

ताई,

आधी रात्रीचं बोलू, कारण त्यासाठी वाट बघून चालणार नाही. दिवसा बऱ्या आणि रात्री गोठ्यात, असं अचानक सुरू झालेलं आणि कमी-जास्त होणारं भरकटणं म्हणजे वय नव्हे. ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना होणारा हा आजार आहे, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. त्याच्यामागे जवळजवळ नेहमीच शोधून काढता येईल असं कारण असतं, आणि बहुतेक वेळा एकाहून जास्त. म्हणून आजच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन करा. “आई रात्री बडबडतात” एवढंच म्हणू नका. “दोन दिवसांपासून अचानक रात्री भान जातं, सकाळी परत येतं” असं सांगा. ऐकणाऱ्याला त्यातून बरंच कळतं.

तोवर घरी तुम्हाला बघता येईल असं पुष्कळ आहे. रात्री त्या तशा बोलू लागल्या की पहिल्यांदा ग्लुकोमीटरवर साखर बघा. जेवण अर्ध्यावर आणि साखरेची गोळी पूर्ण, असं या दिवसांत घरोघरी होतं आणि साखर उतरते. ७० च्या खाली असेल आणि त्या नीट गिळत असतील तर लगेच साखरेचं पाणी द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, थेट रुग्णालय गाठा. लघवी दिवसात किती वेळा झाली, जळजळ आहे का, ओटीपोट टम्म वाटतं का, शौचाला शेवटचं कधी झालं, ताप आहे का, हेही बघून ठेवा. बीपीच्या गोळीचं पाकीट हातात घ्या. त्यावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही लिहिलं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ही लघवीवाटे पाणी काढणारी औषधं रक्तातलं सोडियम उतरवू शकतात, ट्रॅमाडॉलनेही ते उतरू शकतं, आणि सोडियम फार उतरलं की म्हातारं माणूस भरकटू शकतं. रक्ताच्या एका साध्या तपासणीत ते कळतं.

आणि या कारणांच्या यादीत एक कारण असं आहे जे घरातले लोक धरतच नाहीत, ते म्हणजे अंगावर काढलेलं दुखणं. वेदनाशामकांमुळे भ्रम होतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ट्रॅमाडॉलसारख्या औषधांबाबत ते खरंही आहे. पण खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वेदना पुरेशी शमवली नाही तरीही भ्रम होतो. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत चार दिवस जवळजवळ काहीच नाही आणि मग एका रात्री थेट जास्त ताकदीची गोळी, असं घडलं आहे. मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. कागदावर जे लिहिलं होतं, तेच तुम्ही केलंत.

अडचण त्या ‘एसओएस’ लिहिण्यात आहे. गरज पडेल तेव्हा द्या, हे तरण्या माणसाला ठीक. तो ओरडून मागतो. जिने बाळंतपणं घरच्या खोलीत काढली, जी ताप अंगात घेऊन पहाटे नळावर उभी राहिली, ती बाई मुलाच्या संसारात पडून असताना सुनेकडे गोळी मागेल? नाही मागणार. तिला वाटतं आपण आधीच ओझं झालो आहोत. अशा माणसाच्या मागण्यावर औषध ठेवलं की औषध मिळतच नाही. म्हणून फोनवर डॉक्टरांना हेच विचारा: “पॅरासिटामॉल एसओएस न ठेवता पुढचे काही दिवस घड्याळ लावून देऊ का, आणि किती?” बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. म्हाताऱ्या माणसाच्या ऑपरेशननंतरच्या वेदनेवर ठरावीक वेळाने दिलेलं पॅरासिटामॉल हाच पाया आहे, बाकी सगळं त्याच्यावर.

आता प्रमाण. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम सांगतात, पण ती धडधाकट अंगाच्या माणसासाठी. वजन ५० किलोच्या आत असेल, खाणं कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर साधारण २ ते ३ ग्रॅमच्या आत राहतात. ६५० ची गोळी दिवसातून तीनदा म्हणजे १९५० मिलिग्रॅम. त्या एकत्र गोळीत ट्रॅमाडॉलबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ती दोनदा दिली तर एकूण २६०० झालं. वर कुणी सर्दीची गोळी दिली तर त्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. ४३ किलोच्या बाईला हे भरून वाहतं, आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण प्रत्येक पाकिटावर नाव वेगळं. म्हणून नाव नाही, मागचं बारीक अक्षर वाचा. आईंसाठी नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण बेरीज तुम्ही करून ठेवा.

मिस्टरांच्या किडनीच्या भीतीबद्दल. ती भीती खरी आहे, पण ती चुकीच्या गोळीला चिकटली आहे. योग्य प्रमाणातलं पॅरासिटामॉल आईंच्या किडनीला सहसा धोक्याचं नाही. धोक्याची आहे ती काकांनी प्रेमाने आणून दिलेली डायक्लोफिनॅक. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसेक्लोफिनॅक ही सगळी एका घरातली औषधं. वय ७८, साखर, बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी गोळी, त्यात पाणी काढणारं औषध आणि वरून ही गोळी, अशा तिन्ही गोळ्या एकत्र आल्या की किडनीकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब उतरतो आणि ती काही दिवसांत बसू शकते. खुब्याच्या ऑपरेशननंतर रक्त गोठू नये म्हणून बहुधा इंजेक्शन किंवा गोळी चालू असते. तिच्याबरोबर ही औषधं पोटात रक्तस्राव करू शकतात. काळी, डांबरासारखी शौच झाली तर ते त्याचं लक्षण असू शकतं. एका गोळीने घाबरून जाऊ नका, पण दिली होती हे डॉक्टरांना सांगा आणि किडनीची तपासणी करून घ्यायची का विचारा. काकांना दुखवू नका, मात्र त्यांचं पाकीट त्यांच्याकडेच राहू दे. शेजाऱ्याची गोळी बिनदिक्कत घेणं ही आपल्या चाळींतली जुनी माया आहे, पण या वयात ती माया महाग पडते.

मात्र त्या गोळीने एक गोष्ट दाखवून दिली. दुखणं कमी झालं तर त्या चालतात. म्हणजे त्या हट्टी नाहीत, आळशी नाहीत, फिजिओला घाबरतही नाहीत. त्यांना दुखतंय.

सवय लागण्याचं म्हणाल तर ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं औषध आहे हे खरं, २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि केमिस्टने चिठ्ठीशिवाय ते देऊ नये. तरी ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या सांगण्याने थोडे दिवस घेतलं आणि दुखणं उतरेल तसं कमी करत थांबवलं, तर व्यसनाची भीती फार कमी. त्याची खरी चिंता वेगळी आहे: चक्कर, मळमळ, गुंगी, भ्रम आणि बद्धकोष्ठ. आधीच भान हरपत असताना ती गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे आज डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मनाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा, या औषधांचं एकमेकांशी जमत नाही. प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन यादीत असेल तर त्यानेही तोल जातो, पडणं वाढतं.

ऑपरेशनच्या दिवशी त्या छान कशा होत्या, हे कोडं सोपं आहे. खुब्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन करतात, आणि बऱ्याच ठिकाणी पायाची नस बधिर करणारं इंजेक्शनही देतात. त्याचा असर काही तास, कधी दिवसभर टिकतो. तो उतरला की खरं दुखणं वर येतं. कुटुंबाला वाटतं बरं होत होत्या आणि आता बिघडल्या. तसं नाही. औषध उतरलं, आणि त्याची जागा दुसऱ्या औषधाने घेतली नाही.

मग त्यांचं दुखणं कळायचं कसं, कारण “दुखतंय का?” याला त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. तो प्रश्नच सोडा. त्याऐवजी “कूस बदलताना कुठे ओढलं?”, “पाय खाली टाकल्यावर कळ येते की नुसता ठणका?”, “रात्री कशाने जाग आली?” असं विचारा. जळजळ होते, मुंग्या येतात म्हणाल्या तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, नसेच्या दुखण्याला औषध निराळं असतं. आणि पडून असतानाचं दुखणं धरू नका, हलतानाचं धरा. खाटेवर पडलेला पाय सहसा फार बोलत नाही. उठून बसता येतं का, खोल श्वास घेऊन खोकता येतं का, वॉकर धरून चार पावलं टाकता येतात का, हे माप. ते जमत नसेल तर औषध कमी पडतंय, मग तोंडाने त्या काहीही म्हणोत.

भान हरपलेलं असताना तर शब्दांचा भरवसाच नाही. तेव्हा नर्स पाच गोष्टी बघतात, त्या तुम्हीही बघा: श्वास धापेचा आहे का, कण्हणं आहे का, चेहरा आक्रसलेला आहे का, मुठी वळलेल्या किंवा गुडघे पोटाशी घेतलेले आहेत का, आणि डोक्यावरून हात फिरवल्यावर शांत होतात का. वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यात मुद्दाम नमूद केलं की एखाद्याला सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही असं होत नाही. तुमच्या खोलीत आत्ता तेच चाललंय.

आई गोळीला नाही म्हणाल्या तर “दुखण्याची गोळी घ्या” म्हणू नका. “ही घेतली की उद्या गॅलरीत खुर्ची टाकून बसवते” असं म्हणा. यात फसवणूक नाही, गोळी खरोखर त्यासाठीच आहे. न चालता पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी, छातीत कफ, पाठीला जखमा हे सगळं रांगेने येतं. वरणात गोळी कुस्करून चोरून मात्र देऊ नका. कळलं तर त्या जेवणही सोडतील.

आता एका गोष्टीवर मला जरा थांबायचंय. त्या पाणी किती पितात? चाळीत हा प्रश्न मी आधी विचारते. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथवर जायचं तर सुनेला उठवा, चार बिऱ्हाडांसमोरून वॉकर घेऊन जा, वरून प्रत्येक पावलाला कळ. त्यावर जुन्या बायकांचा उपाय ठरलेला: पाणीच प्यायचं नाही. मग लघवीत जंतू होतात, सोडियमचा घोळ होतो, शौच दगड होते, त्यात ट्रॅमाडॉल आतडं अजून मंद करतं. पोट फुगतं, कुंथताना खुब्याला कळ येते, आणि पुन्हा रात्री गाय गोठ्यात. दुखण्याचा निम्मा उपाय तुमच्या घरात कमोडची खुर्ची आणणं हा आहे. भाड्यानेही मिळते. खोली लहान आहे, मला कल्पना आहे, तरी कपाटाच्या आड एक पडदा लावा आणि त्या वेळी मिस्टरांना गॅलरीत पाठवा. लाज राखली गेली तर त्या पाणी पितील. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास म्हणून पाणी मोजून सांगितलेलं नसेल, तर थोडं थोडं दिवसभर देत राहा. बद्धकोष्ठासाठी नुसत्या इसबगोलावर राहू नका. पाणी कमी आणि वर ट्रॅमाडॉल, असं असताना ते आतच घट्ट होऊन बसतं. रात्री घ्यायचं पातळ औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गोळीची वेळ कामाशी बांधा. सकाळी कमोडवर बसवण्याआधी पाऊण तास एक, फिजिओ यायच्या आधी पाऊण ते एक तास एक, असं बसवता आलं तर बघा, अर्थात दोन गोळ्यांमधलं अंतर डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं ठेवून. व्यायामात थोडं दुखणारच. तासाभरात उतरलं तर ठीक, रात्रीपर्यंत टिकलं तर फिजिओला सांगून उद्याचा व्यायाम कमी करा. जमिनीवर किंवा पाटावर बसवायचं नाही, मांडी नाही. खाट बुटकी असेल तर पायांखाली पक्के, न हलणारे ठोकळे घालून उंच करा. बुटक्या खाटेवरून उठताना सगळ्यात जास्त कळ येते.

बर्फ चालतो. फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, जखमेवर नाही, बाजूने, आणि साखर असल्याने मधूनमधून कातडी बघत. शेक नको. तेल लावून पोटरी चोळायला कुणी नातलग आलं तर हात जोडून नाही म्हणा. पोटरीत गाठ असेल तर ती चोळून छातीत जाऊ शकते. दुखण्याचा पॅच लावलेला असेल तर त्यावर गरम पिशवी मुळीच नको, उष्णतेने औषध एकदम अंगात उतरतं.

रात्रीसाठी चष्मा, कानाचं यंत्र असेल तर ते, आणि कवळी हाताशी ठेवा. एक मंद दिवा चालू ठेवा. त्या बहिणीला हाक मारतील तेव्हा “ती केव्हाच गेली” असं सुनावू नका, आणि खोटी होही देऊ नका. “मी आहे आई, गिरगावात आहोत आपण, पायाचं ऑपरेशन झालंय” एवढं हळू सांगा, पुन्हा पुन्हा.

काही गोष्टींना फोनही नको, १०८ लावा: हाक मारून जाग येत नाही, श्वास अगदी संथ झालाय, छातीत दुखून धाप लागली, किंवा अचानक जबर कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसतो. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एकाच पोटरीची सूज, दिवसभर लघवी नाही, काळी शौच, यासाठी त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही.

एक मिस्टरांसाठी, हे त्यांना वाचून दाखवा. पत्रातलं सगळं तुमच्याच अंगावर पडलेलं दिसतं. डॉक्टरांना फोन करणं, गोळ्यांची वेळ वहीत लिहिणं आणि एक दिवसाआड रात्रीची जाग, ही तीन कामं मुलाची. आईच्या किडनीची काळजी असेल तर वही त्यांनीच ठेवावी. तुमची झोप झाली नाही तर गोळीची गफलत तुमच्याच हातून होईल, आणि तेव्हा बोलही तुम्हालाच लागेल.

टाके काढायला साधारण बारा ते चौदा दिवसांनी बोलावतात, म्हणजे ते आता आलंच. दोन जिने उतरवायचे आहेत. आदल्या दिवशी चाळीतल्या चार धडधाकट माणसांना सांगून ठेवा, हात असलेली भक्कम खुर्ची बघून ठेवा, आणि निघायच्या तासभर आधी पॅरासिटामॉल द्या. जाताना वही आणि घरातली सगळी पाकिटं, शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या.